ईडन गार्डन्सचा प्रेक्षक : हक्काकडून हजेरीकडे

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील प्रेक्षकवर्गाचे वर्णन सामान्यतः ‘रसिक, पण बेभान’ अशा शब्दांत आटोपले जाते. हे वर्णन खोटे नाही. मात्र निरनिराळ्या काळांत हा प्रेक्षक कशासाठी बेभान झाला, हे त्यातून कळत नाही.

१ जानेवारी १९६७ रोजी वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत उसळलेल्या दंगलीचे मूळ खेळात नव्हतेच. आसनांहून अधिक तिकिटे विकली गेली होती. तिकीट हाती असूनही जागा न मिळालेले लोक सीमारेषेच्या आत येऊन बसले; पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि मैदानात आगी लागल्या. १६ डिसेंबर १९६९ रोजी, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या वेळी, तिकिटांसाठी उसळलेल्या गर्दीत चेंगरून सहा जण मृत्युमुखी पडले. दोन्ही प्रसंगी लोकांचे मागणे सामना पाहता यावा, एवढेच होते. त्या काळाचा दोष सरसकट गर्दीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पुढे तक्रारीचा विषय पालटला. १९८४च्या अखेरीस सुरू झालेल्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीतून कपिल देवला वगळण्यात आले होते. त्याचा रोष कर्णधार सुनील गावसकर यांच्यावर निघाला. डाव घोषित करण्यास विलंब होताच त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या, फळे भिरकावली गेली. गावसकरांनी हा अपमान मनात ठेवला. फेब्रुवारी १९८७मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या ईडनवरील कसोटीतून त्यांनी माघार घेतली आणि सलग १०६ कसोटींची त्यांची मालिका खंडित झाली. प्रेक्षक आता संघनिवडीवरही निवाडा देऊ लागला होता.

याच मैदानाने नोव्हेंबर १९९३मध्ये सचिन तेंडुलकरच्या अखेरच्या षटकाला डोक्यावर घेतले होते. १३ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर ६५ धावांवर यष्टिचीत झाला आणि १ बाद ९८ वरून भारत ८ बाद १२० असा कोसळला. बाटल्या आल्या, आसनांना आगी लागल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. विनोद कांबळी रडत परतला. १९ फेब्रुवारी १९९९ रोजी शोएब अख्तरशी टक्कर होऊन तेंडुलकर धावबाद ठरला, तेव्हा खेळ थांबला. जमावाला शांत करण्यासाठी स्वतः तेंडुलकरला जगमोहन दालमियांसह मैदानात यावे लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोंधळ होताच पोलिसांनी हजारो प्रेक्षकांना बाहेर काढले. पाच दिवसांत विक्रमी गर्दी खेचणाऱ्या त्या कसोटीत पाकिस्तानने ४६ धावांनी मिळवलेला विजय जवळजवळ रिकाम्या मैदानाने पाहिला.

२०११च्या विश्वचषकासाठी मैदानाची पुनर्रचना झाली. लाखाच्या घरातील क्षमता सत्तर हजारांच्या आत आली. त्याआधीच, २००८पासून, आयपीएलने प्रेक्षकाला जर्सी आणि संगीत पुरवले होते. निष्ठाही गुंतागुंतीची झाली. ५ मे २०१२ रोजी सौरव गांगुली पुणे वॉरियर्सचा कर्णधार म्हणून कोलकात्याविरुद्ध ईडनवर उतरला, तेव्हा आपले शहर की आपला ‘दादा’ या प्रश्नाने मैदान दुभंगले.

नोव्हेंबर २०१३मध्ये तेंडुलकर कारकिर्दीतील १९९वी कसोटी ईडनवर खेळला. दहा धावांवर शेन शिलिंगफोर्डच्या चेंडूवर पायचीत ठरवणारा पंच नायजेल लाँग यांचा तो निर्णय शंकास्पद होता. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका निर्णयाने खेळ थांबवला होता. या वेळी खेळ चालू राहिला.