मुंबईतील लसीकरण आणि सामाजिक विषमता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मुस्लिम समाज लस घेण्यास कचरतो, असे विधान साथीच्या काळात वारंवार केले जाते. २०२१ मध्ये करोना लसीकरणाच्या वेळी आणि २०२२ मध्ये गोवरच्या साथीत ते पुन्हा ऐकू आले. मुंबई शहराच्या इतिहासाच्या आधारे हे विधान तपासले असता मात्र वेगळे चित्र दिसते.

देवीची लस

भारतातील लसीकरणाचा आरंभ मुंबईत झाला. बगदाद व बसरामार्गे आलेली देवीची लस १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्यास टोचत. या कामी बहुधा गरिबांची मुले वापरली जात आणि खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाकडून लस घेण्यास उच्चवर्णीय हरकत घेत. म्हणजेच लसीबरोबर विषमतेचा प्रश्नही पहिल्यापासूनच आला.

प्लेग आणि खोजा जमात

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यावर लस शोधण्यासाठी वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला.

या वेळी हाफकिन यांच्या पाठीशी उभे राहिले ते खोजा इस्माइली जमातीचे तरुण प्रमुख, तिसरे आगाखान. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली. जमातीतही लसीविषयी भीती होतीच. ती दूर व्हावी म्हणून त्यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली.

मदनपुऱ्यातील उद्रेक

त्याच शहरात मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या जुलाहा, म्हणजेच मोमीन, विणकरांची वस्ती होती. तेथे सरकार पोहोचले ते शोधपथकाच्या रूपाने. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरणे, रुग्णास उचलून नेणे आणि कुटुंबास वेगळे ठेवणे असे व्यापक अधिकार मिळाले होते. ९ मार्च १८९८ रोजी एका जुलाह्याच्या घरातील आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली व पोलिसांनी गोळीबार केला. घरातील पर्द्याचा प्रश्न तर होताच, पण हातावर पोट असलेल्या विणकराला माणूस आणि मजुरी दोन्ही गमावण्याची भीती होती.

हा विरोध केवळ मुसलमानांचा नव्हता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले होते. पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यामागेही घरझडतीचा संताप होता.

खोजा आणि जुलाहा, दोघेही मुसलमानच होते. फरक होता तो आर्थिक स्थितीचा आणि विश्वासाचा. एकाकडे लस आपल्या माणसाच्या हातून, समजावून दिली गेली. दुसऱ्याच्या दारी आधी शिपाई आला.

एकविसाव्या शतकातील अनुभव

१ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी करोना लसीकरण सुरू झाले, तेव्हा ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि संकेतस्थळ आरंभी मराठी वा उर्दूत नव्हते. स्मार्टफोन नसलेला मजूर साहजिकच मागे पडला. खासगी रुग्णालयात कोव्हिशिल्डच्या एका मात्रेचा कमाल दर जूनमध्ये ७८० रुपये ठरला. रोजंदारीवर जगणाऱ्या चौघांच्या कुटुंबास तो परवडणारा नव्हता. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीकडे लक्ष वेधले. २१ जूनपासून सरकारी केंद्रांवर सर्व प्रौढांसाठी लस मोफत झाली व जागेवर नोंदणीची सोय मिळाली.

२०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत, तसेच भिवंडी व मालेगाव या यंत्रमागाच्या गावांत गोवरची साथ पसरली. करोनाकाळात चुकलेल्या मात्रा, कुपोषण व दाटीची घरे ही तिची प्रमुख कारणे होती. मुंबईत पालिकेने धर्मगुरूंचे साहाय्य घेतले, घरोघरी पाहणी केली आणि बालकांसाठी जादा मात्रेची मोहीम राबवली. सव्वाशे वर्षांपूर्वी आगाखानांनी दाखवलेला मार्ग यापेक्षा फारसा वेगळा नव्हता.

समारोप

लस परळच्या हाफकिन संस्थेत तयार होत असे. तेथून मदनपुरा काही मैलांवर आहे. हे अंतर मैलांत मोजता येत नाही. वस्तीतील दवाखाना, कामगाराला सोयीची वेळ, त्याच्या भाषेतील माहिती आणि बुडालेल्या मजुरीचा विचार, या गोष्टींनीच ते कमी होते. त्या न देता एखाद्या समाजाच्या श्रद्धेला दोष देणे इतिहासाला धरून नाही. त्याचबरोबर शिक्षित मुस्लिमांवरही एक जबाबदारी येते. आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक बालकाची लसनोंद पूर्ण आहे की नाही, हे पाहण्याचे काम शासनाची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे.