मण्यार की कवड्या? रंगापेक्षा नक्षी पाहा

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या आडोशाच्या शोधात मनुष्यवस्तीकडे सरकतात. लाकडांची रास, सोडणांचा ढीग, पडवीतील अडगळ ही त्यांची आवडती ठिकाणे. अशा वेळी अंगावर पट्टे दिसले की ‘मण्यार’ म्हणून सापाला ठेचले जाते. पुष्कळदा तो पालींवर जगणारा निरुपद्रवी कवड्या असतो. याच्या उलट घडले, म्हणजे मण्यारीलाच कवड्या समजून कोणी हात लावला, तर मात्र ते जिवावर बेतते.

गोव्यापासून माळव्यातील धार-देवासपर्यंत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचा वावर आहे. या प्रत्येकाशी साधर्म्य असलेला दुसरा साप आपल्या परिसरात आढळतो. सापाचा रंग वय, कात आणि प्रदेश यांनुसार बदलतो. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून चालत नाही. नक्षी कोठे सुरू होते, कोठे विरते आणि तिचा आकार कसा आहे, हे पाहावे लागते.

मण्यार आणि कवड्या
मण्यार निळसर काळी व तकतकीत असते. तिच्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, असतात. मानेजवळ ते अस्पष्ट किंवा ठिपक्यांसारखे असून शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचा रंग तपकिरी असतो. त्याचे पांढरट-पिवळसर पट्टे मानेपासूनच ठळकपणे सुरू होतात, बाजूंना फाटतात आणि शेपटीकडे विरत जातात. कवड्या खडबडीत भिंतीवर सहज चढतो. मण्यार सहसा जमिनीलगत वावरते.

घोणस, अजगर आणि डुरक्या घोणस
घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात. डोके त्रिकोणी, मान बारीक आणि फूत्कार कुकरच्या शिटीसारखा मोठा असतो. अजगराच्या अंगावरील डाग वेडेवाकडे असून रांगेत नसतात. डुरक्या घोणशीचे डागही अनियमित, एकमेकांत मिसळलेले असतात. तिची शेपूट आखूड असते आणि डोके मानेपासून वेगळे उठून दिसत नाही. ही बिनविषारी आहे.

फुरसे आणि मांजऱ्या
कोकणातील कातळसड्यांवर आढळणारे फुरसे लहान व जाडसर असते. डोक्यावर बाणासारखी खूण आणि दोन्ही बाजूंना नागमोडी पांढरी रेघ असते. डिवचल्यास ते वेटोळ्यांवर वेटोळी घासून करवतीसारखा आवाज काढते. मांजऱ्या सडपातळ, लांब शेपटीचा आणि मोठ्या डोळ्यांचा असतो. तो सौम्य विषारी असून माणसासाठी सहसा धोकादायक नसतो. उभी बाहुली दोघांचीही असते, त्यामुळे ती खूण येथे उपयोगाची नाही.

नाग आणि धामण
फणा काढल्यावर नाग कोणीही ओळखतो. फण्यावरील दहाचा आकडा ही त्याची प्रसिद्ध खूण, पण काही नागांत तो अस्पष्ट असतो. फणा मिटलेला असताना नाग आणि धामण यांत गल्लत होते. धामणीच्या ओठांवर उभ्या काळ्या रेघा, मोठे गोल डोळे आणि शरीराच्या मागील भागावर काळसर जाळीदार नक्षी असते.

खुणांची मर्यादा
या खुणांनाही अपवाद आहेत. मण्यारीच्या पिल्लांत पट्टे मानेजवळही ठळक असू शकतात आणि काही मण्यारींच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतात. म्हणूनच ही माहिती सापाला विनाकारण मारू नये यासाठी आहे, हाताळण्यासाठी नव्हे. शंका असेल तेव्हा साप विषारीच मानावा, अंतर राखावे आणि वन विभागाला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला कळवावे.

मण्यार रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते. तो दंश जवळजवळ वेदनारहित असतो व खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात कळा येणे, पापण्या जड होणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब नको. खाटेवर, कडा गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

दंश झाल्यास अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू वा चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस वरील चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे लागू पडते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. त्यामुळे साप पकडून वा मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. सुरक्षित अंतरावरून छायाचित्र मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी त्यासाठी थांबू नये.