मावशीचं घर

यवतमाळातल्या मुलीनं परदेशी शिकायला जायचं म्हटलं, की घरात आधी विचारतात : राहणार कोणाकडे, खाणार काय? आनंदीबाई जोशींपुढे १८८३ मध्ये हेच प्रश्न होते. त्यांची डॉक्टरकीची पदवी सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांचं तिथलं रोजचं जगणं जास्त जवळचं वाटतं.

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे एका मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं आणि आनंदीबाईंना लिहिलं. पुढं पत्रं सुरूच राहिली. तोंडही न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणू लागल्या. (आमच्या घरी ‘खाला’ म्हणतात, माया तीच.) ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा मावशी न्यायला हजर होत्या.

त्या घरात राहून आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही, साडीही सोडली नाही. नऊवारीत पोटऱ्या थंडीनं गारठायच्या, म्हणून गुजराती पद्धतीनं नेसू लागल्या. तेवढंही गोपाळरावांना खुपलं! दूर बसून नाराज होणं सोपं असतं.

कॉलेजसाठी फिलाडेल्फियाला जावं लागलं. तिथली थंडी बाधली, प्रकृती ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्या गेल्या.

त्यांची रक्षा मावशीकडे पाठवण्यात आली. पोकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती पुरलेली आहे. वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.