गर्भाशयातील गाठींवरील उपचारांची वाटचाल : सातारा व सांगली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या तंतुमय गाठी, म्हणजेच फायब्रॉईड, हा प्रौढ स्त्रियांमध्ये अतिशय सामान्यपणे आढळणारा विकार आहे. या गाठी क्वचितच कर्करोगाच्या असतात आणि अनेक स्त्रियांना त्यांचा त्रासही होत नाही. ज्यांना होतो, त्यांना पाळीतील अतिरक्तस्राव, त्यातून उद्भवणारा रक्तक्षय, ओटीपोटातील जडपणा आणि प्रसंगी वंध्यत्व यांना तोंड द्यावे लागते. आपल्या ग्रामीण भागात हे दुखणे ‘अंगावरून जाते’ एवढ्या शब्दांत सांगितले जाते आणि त्यावरचा उपाय ‘पिशवी काढली’ एवढ्या शब्दांत संपतो. या दोन वाक्यांच्या दरम्यान वैद्यकाने अनेक पर्याय निर्माण केले आहेत. ते पर्याय कसे निर्माण झाले आणि कृष्णाकाठच्या स्त्रीपर्यंत ते कोणत्या मार्गाने आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मिशन रुग्णालयांचा कालखंड

सातारा व सांगली यांचा एकत्रित विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशातील आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभ मात्र त्यापूर्वीच झाला होता. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये प्रथम सांगलीस आले. पुढे त्यांनी मिरज हे कार्यक्षेत्र निवडले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. वाई येथे अमेरिकन मराठी मिशनच्या डॉ. लेस्टर बील्स व डॉ. रोझ फेअरबँक बील्स या दांपत्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकीय सेवा केली. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास स्त्रिया संकोचत, अशा काळात तालुक्याच्या गावी स्त्री डॉक्टर असणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्या काळी पोट उघडणे हाच जिवावरचा प्रसंग होता. प्रतिजैविके नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. रुग्णा बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच येई. अशा स्थितीत गाठीसह गर्भाशय काढून टाकणे हा शस्त्रवैद्याला सुरक्षित वाटणारा मार्ग होता. त्यामागे तत्कालीन मर्यादांचे तर्कशास्त्र होते, हे नमूद केले पाहिजे.

गाठ काढावी की गर्भाशय?

केवळ गाठ काढून गर्भाशय राखण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन व जॉन ॲटली या बंधूंनी १८४० च्या दशकात पोटावाटे अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या. तथापि या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने इंग्लंडचे व्हिक्टर बॉनी यांना दिले जाते. त्यांच्या पत्नीचे गर्भाशय अशाच गाठींमुळे तरुण वयात काढावे लागले आणि हे दांपत्य निपुत्रिक राहिले. गर्भाशय वाचविण्याच्या बॉनी यांच्या आग्रहामागे हा अनुभव असल्याचे मानले जाते. रक्तस्राव रोखण्यासाठी त्यांनी तयार केलेला चिमटा आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अपत्यहीन स्त्रीला समाजात जे सोसावे लागते ते पाहता, बॉनी यांनी उपस्थित केलेला प्रश्न आपल्याकडे अधिकच तीव्र होता.

महाराष्ट्रातही कमी आघाताच्या शस्त्रक्रियेची परंपरा दुर्बिणीच्या आधीपासून आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांची गर्भाशयमुखाला टाका घालण्याची पद्धत १९५० च्या दशकात जगभर पोहोचली. तिचा उद्देश गर्भ टिकविणे हा होता. डॉ. शिरीष शेठ यांनी पोटावर छेद न घेता योनिमार्गे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा सातत्याने पुरस्कार केला. या मार्गास महागडी उपकरणे लागत नाहीत, हाताचे कौशल्य लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकास ही बाब महत्त्वाची होती.

दुर्बिणीचा प्रवास

आपल्या भागात ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द गावोगाव पोहोचला तो गाठींच्या उपचारातून नव्हे, तर कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. १९७० च्या दशकात देशात सुरू झालेली दुर्बिणीद्वारे नसबंदी पुढील दशकात शिबिरांमधून ग्रामीण भागात पसरली. उद्दिष्ट संख्येचे होते. म्हणजे ज्या उपकरणाने पुढे गर्भाशय वाचविता आले असते, त्याची ग्रामीण स्त्रीशी पहिली ओळख प्रजनन थांबविण्याचे साधन म्हणून झाली.

उपचाराचे साधन म्हणून दुर्बिणीचा विकास त्याच सुमारास अन्यत्र होत होता. १९७६ मध्ये न्यूवर्थ यांनी गर्भाशयाच्या पोकळीत दुर्बीण घालून आतील बाजूच्या गाठी काढण्याची पद्धत मांडली. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी पोटातील दुर्बिणीद्वारे गाठी काढण्याचे तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राईश यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने संपूर्ण गर्भाशय काढले. १९९५ मध्ये फ्रान्समधील राव्हिना व सहकाऱ्यांनी गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती आक्रसविण्याचा उपाय प्रसिद्ध केला. २००४ मध्ये एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरींनी गाठ तापवून नष्ट करण्याच्या उपकरणास अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र प्रत्येक नवे साधन निर्दोष नसते. गाठीचे पोटातच तुकडे करणाऱ्या यंत्रामुळे लपलेला कर्करोग पसरू शकतो, असा इशारा २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला.

या प्रदेशात उच्च वैद्यकीय शिक्षणाची केंद्रे मिरज (१९६२), कराड (१९८४) व सांगली (२००५) येथे उभी राहिली. भौगोलिक अंतर त्यामुळे पुष्कळ कमी झाले. तथापि एखाद्या गाठीसाठी कोणता उपाय योग्य, हे गाठीची जागा, आकार, संख्या, स्त्रीचे वय व तिची अपत्येच्छा यांवर ठरते. तपासणीस, समुपदेशनास आणि पुन्हा येण्यास वेळ लागतो. रोजंदारी बुडवून आलेल्या स्त्रीजवळ नेमका तोच नसतो.

ऊसतोडणी आणि गर्भाशय

सातारा-सांगलीच्या साखर कारखान्यांना ऊस पुरविणाऱ्या टोळ्यांत बीड व मराठवाड्याच्या अन्य भागांतील स्त्रिया दरवर्षी येतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे ‘कोयता’ मानला जातो आणि खाडा झाल्यास दंड बसतो. पाळी व रक्तस्राव हे अशा व्यवस्थेत आजार न राहता उत्पन्नातील तूट ठरतात. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार बीड जिल्ह्यातील पाहणीत समाविष्ट ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशपातळीवर सुमारे ३ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांची व्याप्ती भिन्न असल्याने थेट तुलना सावधपणे करावी लागेल. तरीही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

यांतील किती स्त्रियांना गाठी होत्या आणि किती जणींचा त्रास साध्या औषधाने आवरला असता, हा कळीचा प्रश्न आहे. अनावश्यक गर्भाशय-उच्छेदन रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पूर्वी साधनांच्या अभावी गर्भाशय काढले जाई. आज साधने उपलब्ध असूनही अनेकदा तेच घडते. मधल्या शतकात छेद हातभराचा बोटभर झाला. परंतु अनावश्यक शस्त्रक्रिया लहान छेदातून केली म्हणून ती आवश्यक ठरत नाही. उलट, ‘टाके नाहीत, दोन दिवसांत घरी’ या आश्वासनाने होकार अधिक सहज मिळण्याचा धोका आहे. म्हणून या क्षेत्रातील प्रगतीचे मोजमाप छेदाच्या लांबीने करणे पुरेसे नाही. स्त्रीला किती पर्याय सांगितले गेले, ते तिच्या भाषेत सांगितले गेले का आणि विचार करण्यास तिला सवड मिळाली का, हे निकष त्यास जोडले पाहिजेत. वैद्यकशास्त्राबरोबरच समाजशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनीही आपल्या परिसरात या दृष्टीने अभ्यास हाती घेणे अगत्याचे आहे. ऊसाच्या फडापासून वैद्यकीय महाविद्यालयाचे अंतर आता तासाभराचे आहे. त्या स्त्रीचे तेथवर पोहोचणे ज्या कारणांनी अडते, त्यांचा शोध या अभ्यासाचा पहिला विषय ठरावा.