उसातल्या काशाची कुळकथा

पोंगल जवळ आला की कुंभकोणमच्या बाजारात काळ्या उसाच्या मोळ्या येतात. जाड, रसाळ, दातानं सोलता येणारा हा ऊस खाण्याचा. कारखान्याला जाणारा ऊस त्याहून बारीक, चिवट आणि चोथ्याचा. हा चिवटपणा त्याला मिळाला नदीकाठच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवताकडून. आपण त्याला काश म्हणतो, तमिळ लोक नाणल.

१९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. उत्तरेत उसाला सहसा बी धरत नाही, कोइमतूरच्या हवेत धरतं, म्हणून ती जागा. तिथे चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी ‘वेळ्ळै’ नावाच्या जाड, गोड उसाचा काशाशी संकर केला. त्यातून निघालेला को २०५ हा ऊस १९१८ मध्ये पंजाबच्या शेतांत गेला आणि तिथल्या देशी उसांना त्यानं मागे टाकलं.

काशानं उसाला काटकपणा दिला, खोडव्याला फुटण्याची ताकद दिली आणि त्याबरोबर तंतूही दिला. साखर मात्र काशात नगण्य. म्हणून पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा गोड उसांशी जुळवत काशाचा अंश कमी केला गेला. पाडेगावला निवडलेला को ७४० आणि आज महाराष्ट्रात नि तमिळनाडूतही उभा असलेला को ८६०३२ हे याच घराण्यातले.

आता चिपाडापासून इथेनॉल करू पाहणाऱ्या इंधनवाल्यांना हवा आहे तो नेमका तंतू. चिपाडात साखर भरपूर असते, पण ती पेशींच्या भिंतींत सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या रूपात कोंडलेली, आणि त्यांच्याभोवती गिलाव्यासारखं लिग्निन. ते सैल केल्याशिवाय विकरं आत पोचत नाहीत. पुण्याच्या ‘प्राज’ कंपनीच्या तंत्रावर उभारलेल्या पानिपतच्या इथेनॉल प्रकल्पातही भाताच्या पेंढ्यावर आधी हीच प्रक्रिया करावी लागते, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

फ्लोरिडा विद्यापीठात फ्रेडी आल्टपेटर यांच्या गटानं हे काम उसाकडूनच करून घ्यायचं ठरवलं. लिग्निन बनवणाऱ्या ‘कॉम्ट’ या जनुकाचं काम त्यांनी दाबलं. शेतातल्या चाचणीत लिग्निन सुमारे ६ टक्क्यांनी उतरलं, भिंतीतून सुटणारी साखर पाचव्या हिश्शानं वाढली आणि उसाचं वजन घटलं नाही. लिग्निन त्याहून जास्त कापलेल्या वाणांत मात्र वाढच मागे पडली. मला ही दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. लिग्निन झाडाला उभं धरतं, पाण्याच्या नळ्या दबू देत नाही, किडीला अडवतं. ते किती काढायचं याचा निर्णय प्रयोगशाळेतल्या साखरेवर सोडता येणार नाही. वारा आणि खोडकिडा सोसलेल्या खोडव्याच्या वजनावरच तो व्हायला हवा.

दुसरी वाट कोइमतूरच्याच संस्थेत चालू आहे. तिथले पैदासकार इंधनासाठीचे ऊस घडवताना काशाचा अंश मुद्दाम वाढवतात. साखर थोडी घटली तरी चालेल, तंतू भरपूर हवा.