अंगणात भरलेली शाळा

सोयाबीन सोंगायला जाताना आपण लेकराला सोबत नेतो. तान्हं असलं तर धुऱ्यावरच्या झाडाला झोळी, चालतं असलं तर ते मातीत खेळत बसतं. संध्याकाळी आपणच ओरडतो, कपडे किती मळवले म्हणून! आणि शेजारचं तीन वर्षांचं पोर बाकावर बसून एबीसीडी लिहितं असं कळलं, की जिवाला घोर लागतो. आपलं मागे पडलं की काय? आम्हालाही हा घोर लागला होता. म्हणून आज ही जुनी हकीकत.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 चा, मुंबईचा. लग्नानंतर त्या अमरावतीत राहिल्या, म्हणजे थोड्या आपल्याकडच्याच. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. पण मॉंटेसरीची साधनं महागडी, आणि बालमंदिरं शहरातली. खेड्यातल्या गरिबाच्या पोरांनी काय करायचं? हे कोडं घेऊन 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ सोबत होत्या.

तिथे दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग बाईंनी बालवाडीच वस्तीत नेली, अंगणात भरवली. आपण रोज बोलतो तो ‘अंगणवाडी’ शब्द तिथला. साधनं कोणती? शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे. त्यात विचार होता. चिंचोके निवडून वेगळे ठेवताना लेकरू मोजायला शिकतं. बारीक बी चिमटीत धरता धरता पुढे पेन्सिल धरणारी बोटं तयार होतात. ढेकळांतून धावताना तोल सावरतो, आणि मोठं पान, लहान पान म्हणता म्हणता भाषा येते. हे सगळं आपल्या धुऱ्यावर फुकट आहे. (विंचू-काट्याकडे तेवढं लक्ष ठेवा, आणि मानोऱ्याच्या उन्हात दुपारी नकोच.)

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथली मोठी पोरं दिवसभर गुरं राखायची. त्यांना शाळेत बोलावून काय उपयोग? गुरं कोण बघणार! म्हणून शाळाच कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा. आम्हाला या बायांचं हेच आवडतं. पोर आलं नाही म्हणून त्यांनी आईला बोल लावला नाही.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. आहार आला, लसीकरण आलं, वजनकाटा आला. पण पुष्कळ ठिकाणी मुलं एका खोलीत मांडी घालून बसलेली दिसतात. अंगण तेवढं नावात राहिलं. सेविकाताईंना दोष देऊ नका. “आमच्या पोराला लिहायला कधी शिकवता?” असं दारात उभं राहून आपणच विचारतो.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. आपला शब्द गावोगावच्या पाटीवर लागलेला त्यांनी पाहिला नाही. अनुताई मात्र 1992 पर्यंत होत्या, कोसबाडच्याच कामात.