घरातली वंशावळ आणि दफ्तरातले कागद

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटलं की आधी वंशावळ बाहेर येते. मूळ पुरुष अमुक, त्याला तीन मुलगे, थोरला गावी वतनावर राहिला, धाकटा चाकरीसाठी देशावर गेला. ऐकायला छान वाटतं. पण ही वंशावळ कधी लिहिली, कोणी लिहिली आणि कशासाठी, हे घरात सहसा कोणी विचारत नाही. आज मला एवढंच सांगायचंय, की जुना कागद हातात आला तर हा प्रश्न पहिला विचारा.

कागद उगाच जन्माला येत नव्हता. बहुतेक वेळा त्याच्यामागे भांडण असायचं, नाहीतर पैसा. पाटीलकीचा वाद निघाला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्याला अक्षर येत नाही तो निशाणी करी: कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. त्या निशाण्या आजही महजरांवर दिसतात. पुढे इंग्रजी अंमल आला. 1852 च्या कायद्यानं इनामांची कसून चौकशी सुरू झाली. इनामदारानं कैफियत द्यायची, सनदा दाखवायच्या, वंशावळ जोडायची. पुण्याच्या दफ्तरात असे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत.

आता विचार करा. इनाम जाईल या धास्तीनं माणूस वंशावळ लिहून देतोय. त्याला स्वतःची शाखा ठसठशीत दाखवायची आहे. भाऊबंदांची शाखा गळली तर त्याला फार वाईट वाटणार नाही! म्हणून एका बाजूची कैफियत सापडली की थांबू नका. प्रतिपक्षाचीही शोधा.

बरं, कागद सापडला तरी तो वाचता यायला हवा. लिपी मोडी. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तारीख आणखी निराळी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. हे अरबी आकडे आहेत: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन 1161. हे वर्ष मृग लागला की बदलतं, साधारण जूनच्या सुमारास. त्यामुळे जून ते डिसेंबरचा कागद असेल तर 599 मिळवायचे आणि जानेवारीनंतरचा असेल तर 600. याच सालातला जानेवारी म्हणजे 1761 चा जानेवारी, पानिपतचा. एका वर्षाचा हिशेब चुकला तर लढाईनंतरचं पत्र तुम्ही लढाईआधीचं समजाल.

नावंही अशीच फसवतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी. नुसतं ‘बाळाजी’ वाचून पिढी ठरवता येत नाही. आडनावं तर हुद्द्याबरोबर बदलली. भटांचे पेशवे झाले, भानूंचे फडणीस झाले, गोखल्यांचे रास्ते झाले. पत्राचा मायना ‘तीर्थरूप’ असेल तर समोरचा वडीलधारा आहे एवढं नक्की. तो बापच असेल असं नाही, चुलताही असू शकेल. नातं दुसऱ्या कागदावरून पक्कं करावं लागतं.

आणि बायका? पुष्कळ वंशावळींत त्या नाहीतच. लग्नात नाव बदललं, माहेरचं नाव पुसलं गेलं. मग त्या कुठे सापडतात? त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पाहा. यात्रेला कोण कोण आलं होतं ते तिथे लिहिलेलं असतं. कधी सासू-सून दोघींची नावं मिळतात. दुसरी जागा तलाठ्याकडचे फेरफार. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीलाही हक्क आला. त्यामुळे वारस नोंदीत तिचं नाव येऊ लागलं, सासरच्या नावागावासकट. आणि बऱ्याचदा त्याच पानावर किंवा पुढच्या फेरफारात ओळ असते: हक्क सोडला. बाईचं नाव दफ्तरात शिरतं ते हक्क सोडण्यापुरतं. या ओळीशी जरा थांबावं.

ज्यांच्याकडे वतन नाही, जमीन नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी शाळेचं रजिस्टर आणि गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी फार मोलाच्या. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला ‘भिवा रामजी आंबेडकर’ असा प्रवेश नोंदलेला आहे. बाबासाहेबांच्या आडनावामागे कोकणातलं आंबडवे हे मूळगाव आहे. रजिस्टरातली एक ओळ घराण्याचा असा माग देऊन जाते.

हे सगळं नुसतं हौसेचं काम राहिलेलं नाही. जात पडताळणीत जुन्या नोंदी लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सरकारी पातळीवर सुरू झाला आणि गावोगावी मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. एका नोंदीवर मुलाचा प्रवेश, माणसाची नोकरी अवलंबून असते. तेव्हा वाचणाऱ्यानं जे दिसतं तेच वाचायला हवं. घरच्यांना काय हवंय ते वाचून चालणार नाही.

सुरुवात कुठून करायची, असं मला नेहमी विचारतात. मूळ पुरुषापासून करू नका. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून करा. मग जमिनीचे फेरफार, मग जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि असं एकेक पायरी मागे जा. प्रत्येक नाव दोन वेगळ्या कागदांवर सापडेपर्यंत ते पेन्सिलीनंच लिहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारून ठेवा: तुमचं माहेरचं नाव काय, आईचं काय, आजीचं काय? हे पुष्कळदा कुठल्याच दफ्तरात मिळत नाही.